तात्यांची बेरीज

मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी, सगळे सरकारी रकाने संपल्यावर, एक अरुंद जागा मोकळी सोडलेली असायची. संदेशासाठी. पैसे धाडणाऱ्याने हवं तर दोन शब्द लिहावेत. न लिहिल्यास टपालखात्याची हरकत नसे आणि लिहिल्यास त्याचा वेगळा आकार पडत नसे. पोस्टमन पैसे मोजून हातावर ठेवायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि तेवढा तुकडा फाडून द्यायचा. त्याला आम्ही कुपन म्हणायचो. १८८० पासून टपालखातं मनीऑर्डरी पोचवत होतं, पण ही जागा आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोकणातला चाकरमानी नव्हता हे नक्की. असता, तर त्याने रकाने तळाला ढकलून वरचा सगळा कागद संदेशाला दिला असता. आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पत्रं अशी आलीच नाहीत. पत्रासाठी वेगळे पैसे मोडायचे कशाला, मनीऑर्डर तर जातेच आहे, असा साधा व्यवहार होता. त्यामुळे बापांची माया, नवऱ्यांचा रुसवा, मुलीच्या लग्नाची काळजी आणि म्हशीची चौकशी हे सगळं त्या चार बोटं जागेत मावावं लागे, आणि माणसं ते मावून दाखवत.

माझे थोरले काका, ज्यांना सगळी वाडी तात्या म्हणायची, या लघुलेखनातले उस्ताद होते. चौथी शिकले होते. अक्षर मुंगीएवढं, पण प्रत्येक मुंगी सुटी. लालबागच्या एका गिरणीत ते साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. तिथे एका छपराखाली शेकडो साचे धडधडत असल्यामुळे शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नसे. विणकर ओठांच्या हालचालींवरून आणि बोटांच्या खुणांवरून बोलत. या नोकरीचे तात्यांवर दोन परिणाम झाले होते. एक म्हणजे, ते बोलायला लागले की तीन घरांपलीकडे ऐकू जायचं, त्यामुळे आमच्या घरात गुपित असं काही शिल्लक नव्हतं. दुसरं म्हणजे, ते फार कमी बोलायचे. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, रजा मिळाली तर, ते यायचे. ओटीवर बसून माणसांच्या तोंडाकडे बारकाईने बघत राहायचे. परक्याला वाटे, काय हा अगत्याने ऐकणारा माणूस! तात्या ऐकत नसायचे, वाचत असायचे. (मुंबई आणि गाव यांच्यामध्ये धावणाऱ्या अशा माणसाला धोट्याची उपमा द्यायचा मोह कुणालाही होईल. तात्यांना ती आवडली नसती. धोटा दिवसभर पळतो, पण पोचत कुठेच नाही, आणि तात्यांच्या मनीऑर्डरी पोचत होत्या.)

लालबागेतल्या एका चाळीत आमच्या गावाचा गाळा होता. एका खोलीत वीसेक माणसं राहायची असं सांगितलं की आता ऐकणाऱ्याला अतिशयोक्ती वाटते, पण गिरण्या तीन पाळ्यांत चालत आणि माणसंही तीन पाळ्यांतच झोपत. पहिल्या पाळीचा भोंग्याला उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच पथारीवर आडवा व्हायचा. गाळ्यात राहिलो तेवढ्या वर्षांत थंड अंथरूण म्हणजे काय ते ठाऊक नाही, असं तात्या सांगायचे, आणि ही ते सुखसोय म्हणून सांगत होते की तक्रार म्हणून, याचा पत्ता लागू द्यायचे नाहीत. प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर एक खुंटी. जेवायला खानावळवाल्या बाई. कामगाराचा पगार महिन्याने, बाईंचा बाजार मात्र रोजचा. त्यामुळे त्या बाया स्वतः व्याजाने पैसे काढून गिरणगावाला जेवू घालायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि अशा बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, ती याच सावकारी फासातून त्यांना सोडवण्यासाठी. तात्या बाईंचे पैसे पगार हातात पडताच सगळ्यांत आधी द्यायचे. मग गावच्या मंडळाची वर्गणी. मग पोस्ट.

आजी गेल्यापासून मनीऑर्डर काकूच्या नावाने यायची. काकूला लिहिता-वाचता येत नव्हतं, माझे वडील दिवसभर शेतावर, तेव्हा कुपन वाचायचं काम मी अक्षरं जुळवायला लागलो तसं माझ्याकडे आलं. मजकुराचा साचा ठरलेला. ‘सौ. हीस, रु. १२० धाडले आहेत. ४० किराणा. २५ दुकानदाराची मागची बाकी. १५ पोरांच्या वह्या. २० बैलाचा हप्ता. १५ वरच्या वाडीतल्या म्हातारीस औषधाला. १० देवळाच्या कौलांस. इकडे ठीक.’ इकडे ठीक, हे दोन शब्द म्हणजे त्यांचं आत्मचरित्र. तापाने पडले होते तेव्हाही इकडे ठीक होतं आणि पट्ट्यात बोट सापडून नख गेलं तेव्हाही इकडे ठीकच होतं. बाकी सगळी जागा वाटपाला. वाटपात आम्ही भावंडं असायचो, बैल असायचा, देऊळ असायचं, आणि दर खेपेला एखादं असं नाव असायचं की ज्याने तात्यांकडे काही मागितलेलं नव्हतं. म्हातारीला औषध लागतं हे तात्यांना लालबागेत कसं कळायचं? गावाहून आलेला माणूस गाळ्यात फणसाची पिशवी उतरवताना जे बोलायचा ते तात्या वाचून घ्यायचे.

शाळेत बेरजा शिकवल्या तेव्हा मला जो तो आकडा बेरजेला लावायचा चाळा लागला. कुपनावरचे आकडे मी बेरजेला लावले, तर एकशे पंचवीस झाले. धाडलेले एकशे वीस. मी काकूला मोठ्या शोधाच्या थाटात सांगितलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि म्हणाली, “असू दे.” पुढच्या महिन्याच्या कुपनातही पाच जास्त. त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग मी तारेवरची जुनी कुपनं काढून बघितली. काकू कुपनं वाण्याच्या बिलांसारखी एका आकडा वळवलेल्या तारेला टोचून ठेवायची आणि ती तार माजघरातल्या खांबाला लटकत असे. कधी पाच, एखाद्या दिवाळीला दहा, पण वाटप रकमेपेक्षा जास्तच. एकदाही कमी नाही. एकदाही बरोबर नाही. तात्यांचा दिलदारपणा त्यांच्या पगाराच्या दर महिन्याला पाच रुपये पुढे चालत होता.

ते पाच रुपये काकू उभे करायची. उन्हाळ्यात काजूबी विकून, पावसाच्या तोंडावर आमसुलं, एरवी कोंबड्यांच्या भरवशावर. वरच्या वाडीतल्या म्हातारीला पंधराचे पंधरा पोचायचे. देवळाच्या कौलांना दहाचे दहा. गावात नाव तात्यांचं व्हायचं. आमच्या घरात एक कोंबडी होती, तिने आमच्या शाळेच्या नव्या खोलीच्या बांधकामाला किती हातभार लावला हे शाळेच्या भिंतीवरच्या देणगीदारांच्या फळ्यावर कुठे लिहिलेलं नाही. फळ्यावर मुंबई मंडळाचं नाव आहे आणि खजिनदार म्हणून तात्यांचं.

इथेच घोळ आहे. तात्या खजिनदार होते. गावच्या मुंबई मंडळाची वही त्यांच्याकडे होती, ती मी पुढे पाहिली आहे. महिन्याची वर्गणी, खोलीभाड्याचे वाटे, भजनाच्या मृदंगाची शाई, कुणाच्या मयताला दिलेले पैसे. वर्षानुवर्षांचा हिशेब, आणि पैशाचीही चूक नाही. एका ठिकाणी चार आणे जुळत नव्हते तर त्यांनी ते स्वतःच्या नावावर ‘विसर’ म्हणून मांडले होते आणि चार महिन्यांनी सापडल्यावर त्याच निष्ठेने खोडले होते. असा माणूस घरच्या सहा आकड्यांची बेरीज जन्मभर चुकवतो, हे मला कोड्यासारखं छळत राहिलं.

कुपनं इकडे यायची, तशी पोचपावती तिकडे जायची. फॉर्मचा तोही एक तुकडा होता: पैसे मिळाल्याची सही धाडणाऱ्याकडे परत जायची. काकूची सही म्हणजे अंगठा. तात्यांच्या ट्रंकेत तळाशी या पोचपावत्यांचं बंडल होतं, सुतळीने बांधलेलं. शिकलेल्या माणसाने बायकोची पत्रं ठेवावीत तसं. गाळ्यातली माणसं सांगत की पावती आली की तात्या ती खिडकीपाशी उजेडात नेऊन बघायचे. अंगठा ठसठशीत उठला असेल तर स्वारी खुशीत. फरकटलेला असेल तर विचारात. म्हणजे ही घाईत होती, म्हणजे कुणी आजारी, म्हणजे म्हैस अडली. एकदा अंगठ्याच्या कडेला पिवळी झाक होती, त्यावरून त्यांनी गावात कुणाची हळद होती हे बरोबर ओळखलं म्हणतात. पन्नास-साठ रेघांच्या त्या भोवऱ्यात एवढा मजकूर असतो हे बोटांच्या ठशांवर गुन्हे शोधणाऱ्या पोलिसांनाही ठाऊक नसेल.

मग २ ऑक्टोबर १९७८ ला राष्ट्रीय प्रौढशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि यथावकाश आमच्या वाडीतही एक कंदील, एक फळा आणि एक उत्साही गुरुजी येऊन पोचले. काकू रात्रीची भांडी आवरून जायची. महिन्याभराने ती स्वतःचं नाव लिहायला लागली. पुढच्या मनीऑर्डरीला तिने पोस्टमनला शाईची डबी मिटायला सांगितली, त्याचं पेन मागून घेतलं आणि ओटीवर बैठक मारून सही केली. सहीला इतका वेळ लागला की पोस्टमनने तेवढ्यात एक पान लावून खाल्लं. अख्ख्या घराला वाटत होतं, आता तात्या काय लिहितात. आलेल्या कुपनावर वाटप झाल्यावर, ‘इकडे ठीक’च्या आधी, पाच शब्द कोंबले होते: ‘सही पोचली. अंगठा बरा होता.’ मी वाचून दाखवलं. काकू दिवसभर कुणाशी बोलली नाही. पुढच्या पावतीवर तिने सही केली आणि शेजारी, पोस्टमनच्या नियमांना न जुमानता, अंगठाही उठवला. त्या दिवसापासून ते दोन्ही जायला लागले.

तात्या गावी यायचे तेव्हा कपड्यांचं एक गाठोडं यायचं. गिरणीच्या दुकानात तुकडे आणि दोषी माल स्वस्तात मिळे. तात्या एका ठाणातलं सगळंच उचलायचे, म्हणजे कुणाला कमी-जास्त नको. त्यामुळे एका वर्षी वाडीतली यच्चयावत पोरं निळ्या रेघांच्या सदऱ्यात, आणि उरलेल्या कापडात वरच्या वाडीतल्या म्हातारीची चोळीदेखील तीच. दुसऱ्या वर्षी सगळी हिरव्या चौकटींत. जत्रेत आमच्याकडचं पोर हरवलं तर शोधणं सोपं होतं आणि ओळखणं अशक्य. स्वतः तात्यांच्या अंगावर मात्र जुनाच सदरा, ज्याची कॉलर काकूने एकदा उलटून शिवली होती.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. कामगारनेते दत्ता सामंतांच्या हाकेला अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. भोंगे थांबले. तो संप कागदोपत्री कधी मागे घेतलाच गेला नाही, असं आजही सांगतात. त्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला आठवते ती आमच्या ओटीसमोरून न थांबता पुढे गेलेली पोस्टमनची सायकल. तो मान वळवून बघायचाही नाही. त्याला संकोच वाटत असावा. गाळ्यातली बहुतेक माणसं शेतीच्या हंगामाला गावी परतली. तात्या राहिले. खजिनदाराने खोली सोडली तर भाडं कोण भरणार, असं त्यांचं म्हणणं. ते एका किराणा दुकानात पुड्या बांधायला लागल्याचं कुणी सांगितलं, कुणी सांगितलं की भायखळ्याला भाजीच्या पाट्या उचलतात. इकडे ठीक, हे तर कुपन नसल्यामुळे कळायला वाव नव्हता.

आगोटीच्या आधी काकूने काजूबी विकली आणि मला शेजारच्या गावच्या पोस्टात घेऊन गेली. उलटी मनीऑर्डर! पोस्टमास्तरांनी फॉर्म देताना दोनदा विचारलं, कुठून कुठे? आमच्या पोस्टातून मुंबईला पैसे गेल्याची नोंद त्यांना जुन्या वह्यांतही सापडली नसती. काकूने रक्कम सांगितली, पन्नास. मग म्हणाली, खाली लिही. मी लिहीत गेलो: ‘खानावळवाल्या बाईंस २५. खोलीचा वाटा १०. चपला १२. चहा व दाढीचं पातं ५. खोलीत कोण आजारी असेल त्यास दूध ३. इकडे ठीक.’ मी तेव्हा आठवीत होतो आणि बेरीज डोळ्यांनीच करायला शिकलो होतो. म्हटलं, काकू, पंचावन्न होतात. पोस्टमास्तरांनीही चष्म्यावरून बघितलं. काकूने पदराच्या गाठीतून कमिशनचे पैसे मोजून ठेवले आणि म्हणाली, “होऊ देत. ते बघतील.”

पोचपावती आली. तात्यांची सही, मुंगीच्या अक्षरात. आणि शेजारी अंगठा.

दीड वर्षाने तात्या ट्रंक घेऊन कायमचे आले. गिरणीने त्यांना परत घेतलं नाही आणि देण्यांचा निकाल लागायला पुढे बरीच वर्षं गेली. ते गप्पपणे शेतात उतरले, कलमं लावली, विहिरीचा गाळ उपसला, आणि दान करायला लागले तेव्हा त्यांची पंचाईत झाली. समोरच्या माणसाच्या हातावर पैसे ठेवायची त्यांना सवयच नव्हती. जन्मभर दिलं ते पोस्टाने. माणूस ओटीवर येऊन आपली अडचण सांगायचा, तात्या त्याचे ओठ वाचायचे, हं म्हणायचे, आणि तो निघून गेल्यावर एका चिठोरीवर आकडे मांडून, वर पैसे ठेवून, ती माजघरात काकूकडे धाडायचे. ओटी ते माजघर, अंतर दहा पावलं. चिठी न्यायला घरातलं जे पोर हाताशी असेल ते. म्हणजे मनीऑर्डर चालूच होती, फक्त टपालखातं वगळलं होतं. आणि बेरीज? काकू आता चार आकडे ओळखू लागली होती. आतून तिचा आवाज यायचा, “पाच कमी हायत!” तात्यांना एरवी कानठळ्या बसल्याशिवाय ऐकू यायचं नाही. हे मात्र दहा पावलांवरून ऐकू यायचं, आणि त्यांची मिशी एका बाजूने हलायची.

मी पुढे बँकेत लागलो. ताळेबंद जुळवण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला असलं कोडं उघडं ठेवून झोप येत नाही. एका मे महिन्यात, ते फणसाचे गरे सोडवत असताना, मी तारेवरची कुपनं आणि त्यांची मंडळाची वही शेजारी मांडली आणि सरळ विचारलं. तात्यांनी हाताला तेल चोळलं, चीक काढला. बऱ्याच वेळाने म्हणाले, “मला वाटायचं, भांडेल.” “कोण?” “तुझी काकू. पाच कमी दिसले की कुणाकडून तरी पत्र लिहून घेईल, चांगलं चार पानी, हे काय लावलंय म्हणून विचारील.” पुन्हा एक गरा सोडवला. “नाही भांडली. मग म्हटलं, पुढच्या महिन्यात भांडेल.” एवढं बोलताना त्यांनी नेहमीसारखा वाडीला ऐकू जाईल असा आवाज लावला होता. आत वाटणाचा पाटा मध्येच थांबला आणि मग जरा जास्तच जोरात सुरू झाला.

त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. २०१५ मध्ये जुन्या पद्धतीची मनीऑर्डर बंद झाल्याचं पेपरात आलं, ते वाचायला तात्या नव्हते. ते गेले तेव्हा दिवस होईपर्यंत ओटीवर माणसं येत राहिली. कुणाची फी भरलेली, कुणाचं बाळंतपण निभावलेलं, कुणाला मुंबईत पहिल्या रात्री पाठ टेकायला जागा दिलेली. यातलं निम्मं आम्हाला कुपनांवरून ठाऊक होतं, निम्मं तात्यांनी परस्पर केलेलं. काकू माजघराच्या दाराआड भिंतीला टेकून बसायची, ऐकायची, रडायचीही. निळ्या रेघांच्या सदऱ्यातलं आमच्याबरोबरचं एक पोर, आता हेडमास्तर झालेलं, आलं आणि माझ्या वडिलांना सांगू लागलं, की बोर्डाच्या परीक्षेच्या फॉर्मची मुदत संपत आली होती, घरात दमडी नव्हती, आणि काका, तात्यांनी तेव्हा लालबागेतून माझ्यासाठी पंधरा रुपये धाडले होते.

“वीस,” काकू आतून म्हणाली.